सुखीबाईच्या नावची खोली

धावजी राठोडानं उभी हयात एसटीचं चाक फिरवण्यात घालवली. दारव्हा डेपोचा ड्रायव्हर. बोरी अरबच्या पलीकडे, डांबरी रस्त्यापासून जरा आत त्याचा तांडा. बंजाऱ्यांचा तांडा म्हटला की शहरातल्या लोकांना अजून आरशांचे घागरे आणि पाठीवर गोण्या लादलेले बैल आठवतात. धावजीच्या तांड्यात सिमेंटची घरं आहेत, दारात मोटरसायकली आहेत आणि तिन्ही बाजूंनी कपाशी-तुरीची शेतं. माल लादून मुलूख हिंडले ते त्याचे पणजोबा. आपल्या वाट्याला बैलांऐवजी लाल गाडी आली, एवढाच काय तो फरक, असं तो स्वतःच हसत सांगायचा. घरात ही मंडळी गोरबोली बोलतात आणि बाहेर वऱ्हाडी. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी मी त्यांचं घरातलं बोलणंही वऱ्हाडीतच देतो.

माणूस सालस. व्यसन नाही, आवाज चढवून बोलणं नाही. एकच खोड होती, कोणतीही गोष्ट एकट्यानं करायची नाही. चहा प्यायला निघाला तरी चौघांना हाका मारणार. दवाखान्यात जायचं तर जीप भरून माणसं. जुन्या काळी मालाची खेप निघायची ती अख्ख्या तांड्याची मिळून, मागे कोणाला ठेवायचं नाही. ते रक्तातच उतरलेलं. चांगलीच सवय म्हणायची. पुढे जे झालं ते या चांगल्या सवयीनंच केलं, त्यामुळे दोष कोणाला द्यावा हेही कळत नाही.

हिवाळा आला की शाळांच्या सहली निघत. डेपो प्रासंगिक करारावर गाडी द्यायचा आणि लांबच्या सहलीला धावजीलाच पाठवायचा, कारण मास्तर लोक त्याचंच नाव सांगायचे. घाटापलीकडे ‘मौजनगरी’ नावाचं एक मोठं पार्क आहे. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, खोटे डोंगर, आणि त्या सगळ्याच्या मधोमध तळ्याकाठी उंच हॉटेल. पोरं आत धुडगूस घालत आणि धावजी बाहेर गाडी पुसत बसे. रात्री मास्तर हॉलमध्ये झोपत, धावजी गाडीच्या मागच्या सीटवर. तिथून त्याला हॉटेलचे सज्जे दिसायचे. सज्ज्यात खुर्च्या टाकून बसलेली माणसं दिसायची.

घरी आला की तो हे सगळं सुखीबाईला सांगे. सुखीबाई त्याची बायको. बारीक अंगाची, कामाला वाघीण, बोलायला कमी. सासू-सासरे, दीर, नणंदा, पोरं, पाहुणे, सालदार या सगळ्यांच्या भाकरी थापता थापता तिची पन्नाशी कधी उलटली हे घरात कोणाच्या ध्यानात आलं नाही. पाळण्यांचं तिला कौतुक नव्हतं. ती हॉटेलाचंच विचारायची.

“तेथ सैपाक कोण करते?”

“कोणीच नाई करत. खाली बसाचं, पाह्यजे ते मांगाचं.”

“अन् खरकटी भांडी?”

“थे पोरं उचलून नेते.”

मग ती विचारी, “तेथ नुसते नवरा-बायकोच जाते काय?”

“जाते न. दूरदूरून येते. सज्ज्यात बसून राह्यते, काई काम ना धाम,” असं म्हणून धावजी हसे. तीही हसे आणि चुलीकडे वळे. हे असं कितीतरी वर्षं चाललं. शहाण्या माणसाला यातून काय ते कळलं असतं. धावजीला मात्र वाटे की बायकोला नवलाच्या गोष्टी ऐकायला आवडतात.

तो रिटायर झाला. मुलाचं, बबलूचं लग्न झालं, सून वर्षा आली, नात खुशी चौथीत गेली. मागच्या दसऱ्याला सगळे अंगणात बसले असताना धावजीनं जाहीर केलं, “आता सुखीले मौजनगरी दाखवतो. त्या हाटेलातच ऱ्हाऊ.”

सुखीबाईच्या हातात सूप होतं. ते तसंच राहिलं. वर्षानं सांगितलेलं आहे म्हणून मी लिहितो, त्या दिवशी सासूबाईंनी तुरीच्या डाळीत खडे तसेच राहू दिले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

बबलूचं बोरीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्यानं हॉटेलला थेट फोन लावला. दोघांची खोली दिवाळीनंतर लगेच मिळत होती. महाग होती, नाही असं नाही. पण ऐनवेळी काही अडचण आली तर तारीख पुढे-मागे करून देऊ, नावही बदलून देऊ, आदल्या दिवसापर्यंत नाही म्हणालात तरी पैसे परत, असं त्या बाईनं गोड आवाजात सांगितलं. धावजीनं खोलीचं भाडं ऐकलं आणि कानाला हात लावला. तरी तो तयार झाला असता. पेन्शनीतून बाजूला टाकलेलं होतं.

तेवढ्यात इंद्रजितसाहेब मधे आले. यवतमाळचे रिटायर बँक मॅनेजर. धावजी कधी कधी त्यांची गाडी चालवायला जाई. साहेबांनी फार वर्षांपूर्वी एका हॉलिडे क्लबची मेंबरशिप घेतली होती. एकदाच मोठी रक्कम भरायची, मग दरवर्षी क्लब पॉइंट देतो, त्या पॉइंटांवर क्लबच्या खोल्यांत राहायचं. मौजनगरीच्या हॉटेलातही एक मजला क्लबचा होता. साहेबांची पोरं परदेशात, बाईसाहेबांचे गुडघे गेलेले. पॉइंट तसेच वाया जात. असे मेंबर मग आपले पॉइंट दुसऱ्याला भाड्यानं देतात. खोली मेंबर घेतो, राहतो दुसराच.

“एका खोलीच्या थेट भाड्यात तुम्हाला पॉइंटवर अख्खा फ्लॅट मिळेल, धावजी,” साहेब म्हणाले. “दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर. सात माणसं आरामात. पण नीट ऐका. क्लबला सुट्टीच्या दिवसांत जागा नसते, फेब्रुवारीतलीच तारीख मिळेल. आणि एकदा तारीख घेतली की बदलत नाही. शेवटच्या महिन्यात नावही बदलत नाही. नाही गेलात तर पैसे गेले.”

साहेब सरळ माणूस. एकही गोष्ट त्यांनी लपवली नाही. धावजीनं सगळं ऐकलं, पण त्याच्या मनात शिरलं ते एवढंच: सात माणसं.

त्या संध्याकाळी त्यानं धाकट्या भावाला, देवीलालला बोलावलं. देवीलालची बायको कमळीबाई घुंगट ओढून दाराआड उभी राहिली. धावजी तिचा जेठ, नवऱ्याचा मोठा भाऊ. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्याला तोंड दाखवलं नव्हतं की त्याच्या पुढ्यात शब्द काढला नव्हता. तांड्यात ही रीत अजून आहे. तर अशा भरल्या घरात धावजीनं बायकोला विचारलं, “काय म्हणते सुखी? आपुन दोघंच जाऊन काय करू? लोकं हासतीन, म्हातारा-म्हातारी फिराले निंघाले म्हणून. अन् एवढ्या पैशात सगळे जाऊन ऱ्हायते. सगळे मिळून जाऊ न?”

खुशी तर टाळ्याच पिटायला लागली. देवीलाल हसत होता. आता जावेसमोर, सुनेसमोर, नाचणाऱ्या नातीसमोर कोणती बाई म्हणेल, मला तुम्ही कोणी नको म्हणून? सुखीबाई म्हणाली, “बरं.”

“अन् पाह्य, तेथ सैपाकघरही हाये! गॅस, फ्रीज, समदं. बाहेरच्या खाण्याचा खर्चही वाचते.”

“बरं,” ती दुसऱ्यांदा म्हणाली. धावजी खूश. मला अजून त्या भल्या माणसाचा राग येतो.

खोली कोणाच्या नावे घ्यायची, असं साहेबांनी विचारलं तेव्हा धावजीनं छाती पुढे काढून सांगितलं, “हिच्या नावानं घ्या. घर माह्या नावानं, वावर माह्या नावानं, गॅससुद्धा माह्या नावानं. हे तरी तिचं असू द्या.” साहेब म्हणाले, ज्याचं नाव त्याला आधार कार्ड घेऊन स्वतः हजर राहावं लागतं. “थे तं राहीनच न,” धावजी म्हणाला, “तिच्याचसाठी तं चाल्लो.” इतकं प्रेम होतं त्याच्या मनात. फक्त ते कुठे ठेवावं हे त्याला कळलं नाही.

दिवाळी झाली. कापूस वेचायला बायका येऊ लागल्या. सुखीबाई वेचता वेचता बांधावर बसू लागली. धाप लागे, पाय सुजत. वय झालं, असं सगळे म्हणाले आणि तीही म्हणाली. मधल्या वेळात ती फेब्रुवारीची तयारी करत होती. सात माणसांचं ज्वारीचं पीठ, भाजलेलं तिखट, लसणाची चटणी, वाळवलेल्या वड्या. तव्याला तिनं राखेनं घासून लख्ख केलं, कारण तिकडचे तवे आपल्या भाकरीच्या कामाचे नसतात म्हणे. हे सगळं तिनं तक्रारीचा शब्द न काढता केलं, जसं आजवर सगळं केलं होतं.

जानेवारी संपत आला आणि एका सकाळी ती चुलीपुढून उठलीच नाही. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. हृदयाची झडप फार दिवसांपासून खराब होती, आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. चौथ्या दिवशी ती गेली. जाताना फार काही बोलली नाही. धावजी उशाशी बसला होता. तिनं एवढंच विचारलं, “जेवले का?”

तांड्यातल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून, सूर धरून रडल्या. गेलेल्या बाईचं एकेक सांगत, तिच्या माहेरापासून तिच्या हाताच्या चवीपर्यंत. धावजी रडला नाही. सुखी गेली, वारली, असा शब्दही त्याच्या तोंडून निघाला नाही. कोणी भेटायला आलं की तो म्हणे, “हो, जरा तब्येत बिघडली होती तिची,” आणि दुसरंच काही बोलू लागे. माणसं एकमेकांकडे पाहत आणि उठत.

तेरावं झाल्यावर खोलीचा विषय निघालाच. बबलूनं साहेबांना फोन केला. साहेब हळहळले. त्यांनी क्लबच्या लोकांशी दोन-तीनदा भांडून पाहिलं, पण शेवटचा महिना लागला होता. नाव बदलत नाही ते नाहीच. “काउंटरवर सांगून पाहा,” ते म्हणाले, “माणसंच असतात शेवटी.” तांड्यात काही जण नाकं मुरडत होते, वर्ष तरी होऊ द्यायचं होतं. देवीलालचं म्हणणं, वहिनीचीच इच्छा होती, तिच्या नावानं जाऊन येऊ. धावजी हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. पण निघायच्या आदल्या दिवशी तो आपणहून सैपाकघरात आला आणि सुनेला म्हणाला, “थे पिठाचे डबे घेजो बरं. तिनं भरून ठेवले हायेत. अन् तवा.”

वर्षा ओट्याशी उभी होती. सासऱ्याशी ती कधी मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशीही तिनं मान खालीच ठेवली, पण बोलली.

“बापू, याडीले सैपाकघर नको होतं.” सासूला ती याडीच म्हणे, म्हणजे आई.

“काय?”

“याडीले थे दोघांचीच खोली पाह्यजे होती. मले म्हणे, वर्षा, लगन होऊन आली तवापासून मी यायच्यासंगं एकटी कोठीच गेली नाई. शेगावलेही जीप भरून गेलतो. एक दिवस तरी आमी दोघंच बसलो असतो, बोललो असतो. म्हणे, तेथही आता मले सातजणाच्या भाकरी कराच्या हायेत.”

“मंग मले काहून नाई सांगतलं तिनं?”

“तुमी सगळ्याइच्या समोर इचारलं न, बापू.”

धावजी उंबऱ्यातच बसला. त्याच्या काळजात काय झालं असेल ते मी लिहायला नको. चाळीस वर्षं त्यानं घाट चढले-उतरले, एका वळणावर चुकला नाही. आणि या बाईनं वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला, तोही त्याला समजू नये? दिवाळीनंतर लगेच खोली मिळत होती. तेव्हा ती होती. चालत-बोलत होती, बसू शकली असती सज्ज्यात. थोड्या पैशांसाठी नाही, निदान तेवढ्यासाठीच नाही. चारचौघांत लाज वाटली म्हणून आणि सगळ्यांना सुख द्यायचं म्हणून त्यानं तिचे ते दिवस घालवले. डबे घरीच राहिले.

गाडी ठरवलेली होती. धावजी, देवीलाल, कमळीबाई, बबलू, वर्षा आणि खुशी निघाले. सातवी जागा रिकामी होती, तिथे कोणी पिशवीसुद्धा ठेवली नाही. धावजी खिडकीतून बाहेर पाहत राहिला. बबलू मधे मधे मागे वळून काकीशी हळू आवाजात काही बोलत होता आणि कमळीबाई घुंगटातून मान हलवत होती, हो की नाही ते कळत नव्हतं.

हॉटेलच्या आत संगमरवर, थंडगार हवा, फुलांच्या कुंड्या. धावजी इतकी वर्षं इथे येऊन पहिल्यांदाच या दारातून आत गेला. काउंटरवर एक तरुण होता, बोलायला नम्र. त्यानं संगणकात पाहिलं.

“क्लबचं बुकिंग आहे. सुखीबाई राठोड. या कोण?”

बबलूनं आधार कार्ड पुढे सरकवलं आणि काकीचा हात धरून तिला पुढे केलं. “ह्या.”

असं ठरलं होतं तर गाडीत. कार्डावरचा फोटो जुना, डोक्यावर पदर, त्यात निम्मं तोंड झाकलेलं. पोरानं फोटो पाहिला, घुंगट पाहिला आणि फार खोलात शिरला नाही. मागे लोक खोळंबले होते. त्यानं रजिस्टर पुढे केलं. कमळीबाईनं त्यावर अंगठा उठवला. मग त्यानं एक छोटा कॅमेरा उचलला. पाहुण्यांच्या कार्डासाठी फोटो काढायची तिथली पद्धत.

“आजी, जरा घुंगट वर घ्या. आजोबा, तुम्हीही या. दोघं जरा जवळ उभे राहा.”

कमळीबाई जागच्या जागी थिजली. या जेठासमोर तिनं कधी तोंड उघडं केलं नव्हतं, आणि आता त्याची बायको म्हणून त्याच्या शेजारी उभं राहायचं? बबलू दबक्या आवाजात म्हणत होता, “काकी, एकच मिनिट. बापू, या न.” खुशी काचेतून पाळण्यांकडे बघत होती. देवीलालनं मान वळवली.

धावजी पुढे आला, पण शेजारी उभा राहिला नाही. त्यानं काउंटरवरचं ते आधार कार्ड उचललं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

“हे माही बायको नोहे,” तो म्हणाला. “माह्या लहान्या भावाची बायको हाये. माही बायको वारली.”

पहिल्यांदा म्हणाला. बबलूनं कपाळावर हात मारून घेतला. काउंटरवरचा पोरगा गोरामोरा झाला. तो आत जाऊन कोणाला तरी विचारून आला आणि खरंच वाईट वाटत असल्यासारखं म्हणाला, “आजोबा, तुम्ही बोलला नसता तर... आता मला ही खोली देता येत नाही. क्लबचा नियम आहे.”

“नका देऊ.”

“थेट घ्यायची तर आज एक खोली आहे रिकामी. पण लहान आहे, सगळे मावणार नाहीत. दोघांचीच आहे.”

“दोघांची,” धावजी म्हणाला. “आजच हाये?”

“हो. ही तशी बहुतेक असतेच, आजोबा.”

धावजीनं मागे वळून बबलू-वर्षाकडे पाहिलं. मग त्यानं आतल्या खिशातून पैसे काढले, सगळे, न मोजता त्या पोरासमोर ठेवले. “बबलू राठोड अन् वर्षा राठोड. थे दोन नावं लिहा.”

“बापू!” बबलू म्हणाला. “हे काय भलतंच? तुमाले सगळ्याइले सोडून आमी दोघंच? खुशी?”

“खुशीले मी आत फिरवतो. तिकीट काढून. सांजच्याला आमी गाडीनं निंघतो, तुमी उद्या एसटीनं या.”

“लोकं काय म्हणतीन? अन् कायची घाई हाये? पुढच्या साली जाऊ न, सगळे मिळून.”

धावजीनं आयुष्यात कोणावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी तो इतक्या जोरानं ओरडला की अख्खा हॉल वळून पाहू लागला. “आत्ता जा! आत्ता!”

त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं ते तो पुसतही नव्हता. बबलू तसाच उभा. तेव्हा वर्षानं डोक्यावरचा पदर नीट केला, नवऱ्याला ओलांडून पुढे आली आणि हात लांब करून किल्ली घेतली.